मातीचा मान

मु. पिंपळवाडी, ता. कोरेगाव
ता. २ सप्टेंबर १९४४

आक्काच्या पायावर डोकं ठेवून धाकटा भाऊ दादासो लिहितो की,

घरात समदी बरी हायेत, म्हस व्यालीय, आणि मी मोठा माणूस झालोय. शेवटचं पैलं लिवणार हुतो, पण भामा म्हणाली, आधी घरचं लिवा, मग टेंभा मिरवा.

आता ऐक. यंदा भुईमुगावर टिक्का पडलाय. पानावर काळं ठिपकं येतात आणि पान गळतंय. गावचं रान पिवळं झालंय, माझं बी तसंच. पण वड्याकडच्या कोपऱ्यात, बाजल्याएवढ्या जागंत, झाडं बघशील तर डोळं निवतील! काळीभोर हिरवी, बुटकी, गच्च. ठिपका म्हणून न्हाई. मी तिथं उभाच ऱ्हायलो. कोरेगावच्या बाजारात शेतकी खात्याचं साहेब भाषणात म्हणालं हुतं की रोगाला दाद न देणारी जात हुडकणं हेच उद्याचं काम हाय. म्या आजच हुडकली! नाव ठेवलंय 'दादासो बुटकी'. भामा म्हणाली, नावात माझं बी कायतरी घाला. म्हणलं, बुटकी हाय की. तवापास्नं ती बोलत न्हाई.

दुसरी गोष्ट. जानाईच्या देवळात घट बसवायला दरसाल एकाच्या रानातली गाडीभर माती जाती, तुला ठावंच हाय. नवरात्रात त्या मातीत गहू-जोंधळा उगवायचा आणि दसऱ्याला तुऱ्यासकट वंजळ-वंजळ घरोघर वाटायची, ज्यानं त्यानं बरकतीसाठी आपल्या रानात टाकायची. तो मातीचा मान यंदा मला! केरबा लय धडपडत हुता, पण पंचांनी माझं नाव घेतलं. गाडी कुठनं भरणार सांग बघू? त्याच कोपऱ्यातनं. गावाला वाटायचं तर चांगलंच वाटावं. लेकीबाळींना बी धाडायची रीत हाय, तवा तुझी पुरचुंडी येईल.

आकारामदाजींचं बर्म्यातनं पत्र आलं का, कळव.

तुझा दादासो

—

मु. मळणवाडी, भिलवडी टेसनाजवळ
दसऱ्यानंतरचा बेस्तरवार

दादासोला आक्काचा आशीर्वाद.

मोठा माणूस झालास ते वाचलं. सातवीत तीनदा बसलास तवाच मला वाटलं हुतं, ह्या पोराला घाई न्हाई, हा पुढं मोठाच हुणार.

पुरचुंडी पोचली. साळूबाईची लेक माहेरनं येताना घेऊन आली. उंबऱ्यावर ठिवून हळदकुंकू वाहिलं आणि वरच्या रानात बाभळीजवळ इस्कटली. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, एवढ्या लांबनं माती कशाला, हितं काय कमी हाय का? म्हणलं, माहेरची हाय. मग त्यांनीच पुरचुंडीचं फडकं झटकून दिलं. सासूला सुद्धा कवातरी माहेर हुतंच की.

ह्यांचं पत्र आलं. बर्म्यात चिखल हाय आणि डास लय मोठं हायेत, एवढंच कळलं. बाकीचं सायबानं काळ्या शाईनं खोडलंय. जाताना हे समद्यांदेखत सांगून गेलेत की मी येईस्तोवर रान चंद्रा बघंल. त्या दिसापास्नं आमचं थोरलं दीर, अर्जुनभावजी, बांधावर उभं ऱ्हाऊन माझी चूक हुडकतात. सोताच्या रानातलं तण त्यांनी एवढं मन लावून हुडकलं असतं तर आज त्यांच्या जोंधळ्याला कणसं लागली असती. बाईच्या हातात नांगर म्हंजे घराण्याला बट्टा, असं म्हणतात. रान नासलं तर मी बघून घेईन, असं बी म्हणतात. मी काय ते नासू देत न्हाई.

एक इचारते. भुईमूग पानांसाठी लावतात का शेंगांसाठी? तुझ्या बुटकीखाली शेंगा किती, ते पत्रात कुठं दिसलं न्हाई. एक झाड उपटून बघ आणि कळव.

तुझी आक्का चंद्राबाई

—

पिंपळवाडी
ता. ११ डिसेंबर १९४४

आक्कास दादासोचा नमस्कार.

तुला आनंदाची बातमी. कोरेगावला शेतीमालाचं प्रदर्शन भरलं हुतं. म्या बुटकीचं रोप कुंडीत लावून नेलं. कुंडी असल्यामुळं लोकांना नुसता पाला दिसत हुता, आणि पाला तर असा की मामलेदार चष्मा पुसून पुसून बघत हुतं. मला फेटा बांधला. गुलाबी. अजून सोडला न्हाई. भामा म्हणती, निजताना तरी सोडा.

शेंगांचं इचारलंस. आक्का, तू बाईमाणूस, तुला शास्त्र कळायचं न्हाई. नवी जात पैल्या साली जोर पाल्यात घालती. शेंगा मागनं येतात. तरी बी निवडून निवडून मूठभर बी काढलंय, ते टपालानं धाडतो. बी जरा बारीक हाय. बारीक बी म्हंजे तेल जास्त.

गावात माझ्या मातीचं लय नाव झालंय. दगडाबाई म्हातारीनं तर देव्हाऱ्यात ठेवलीय.

तुझा दादासो (फेटेवाला)

—

मळणवाडी
भादव्यातला दुसरा सोमवार, शके १८६७

दादासो,

आशीर्वाद नंतर. आधी माझं ऐक.

तू धाडलेलं बी आत्याबाईंनी न इचारता चटणीत कुटलं. लय बारीक हुतं, म्हणाल्या, दाताखाली आलं न्हाई. म्हंजे तुझं बी काय माझ्या रानात गेलं न्हाई. वरच्या रानात म्या घरचं गावठी बियाणं टाकलं, दरसालचंच.

आणि आता बाभळीजवळ, जिथं तुझी माती इस्कटली तिथंच, बरोबर तिथंच, झाडं बुटकी, काळीभोर, गच्च झालीत. बाकीचं रान गुडघाभर हाय आणि ही बया मुठीएवढी. तू म्हणशील, आली माझी जात! म्या एक झाड उपटलं. दोन पोकळ बोंडं. दुसरं उपटलं. नुसती मुळं. समदा गोल उपटून काढला, वाटीभर शेंगा निघंना. दादासो, ही जात न्हाई रं. ही आजारी झाडं हायेत. तू रोगाला नाव दिलंस आणि फेटा घातलास!

तासगावच्या बाजारात शेतकी खात्याचं एक साहेब आलं हुतं, त्यांच्या म्होरं झाडं ठेवली. म्हणालं, बाई, ह्याचं नाव मला ठावं न्हाई आणि औषध बी ठावं न्हाई, पण हा रोग मातीतनं येतोय असं दिसतंय. तिथली माती हलवू नका, तिथला नांगर धुतल्याबिगर दुसऱ्या रानात घालू नका. ठावं न्हाई म्हणणारा साहेब म्या पैल्यांदा बघितला, म्हणून माझा इस्वास बसला.

आता खरं दुखणं सांगते. अर्जुनभावजींना चूक घावली. आख्ख्या वाडीत सांगत सुटलेत की बाईनं रान नासवलं, धनगराची मेंढरं बसवली आणि रोग आणला. बिराप्पाची मेंढरं मी दरसाल खतासाठी बसवते, माझा सासरा बसवत हुता. ती आख्ख्या रानात बसली हुती. रोग तेवढा बाभळीजवळच कसा? पण आमच्याकडं इचार करायचं काम बांधावर उभं ऱ्हाणाऱ्यांनी कवाच सोडलंय. भावजींनी ठरवलंय, ह्या दसऱ्याला रान त्यांच्या औताखाली.

तवा तू एक कर. भावजींना चार वळी लिवून धाड. चार बी नको, एक वळ पुरं. "माती माझ्या रानातली हुती, त्यात रोग हुता, आक्काचा दोष न्हाई." एवढंच. तू माझा भाऊ हायेस, तू लिवलंस तर त्यांना तोंड उघडायला जागा ऱ्हाणार न्हाई.

दसऱ्याच्या आत लिव.

तुझी आक्का

—

पिंपळवाडी
ता. ४ ऑक्टोबर १९४५

आक्कास नमस्कार.

तुझं पत्र लय उशिरा मिळालं. मिळालं म्हंजे जवळजवळ मिळालंच न्हाई. टपालाची थैली भूमिगतांनी लांबवली म्हणतात, दिवस कसलं हायेत तुला ठावं हाय. तवा त्यात काय हुतं ते मला नीटसं कळलं न्हाई.

पण तू जे मेंढरांबद्दल लिवलंस, ते तुझ्या दिराचं अगदी बरोबर हाय. आमच्या गावात बी पंधरावीस जणांच्या रानात असंच बुटकं गोल पडलेत. दगडाबाईच्या रानात तर खळ्याएवढा. केरबाच्या रानात तेवढा न्हाई, पण त्यो मातीच न्यायला आला नव्हता, जळफळत घरी बसला हुता. देवीचा प्रसाद नाकारणाऱ्याचं रान कसं शाबूत ऱ्हातंय, हे काय मला कळत न्हाई. असो. म्या पंचात उभं ऱ्हाऊन सांगितलं, हे समदं मेंढरांच्या खुरानं आलंय. ठराव झाला. तुझ्याकडं येतो त्योच बिराप्पा आमच्याकडं बी मेंढरं बसवतो, त्यानं आता गावच्या शिवंत पाय ठेवायचा न्हाई. गडी बडबडत गेला, की खुरात रोग असता तर पैली मेंढरं मेली असती. अडाण्याला काय सांगायचं!

चांगली बातमी अशी की मातीचा मान पुन्यांदा मलाच. गाडी त्याच कोपऱ्यातनं भरली. खरं सांगू का, त्या कोपऱ्यात आता काहीच येत न्हाई, कुसळ सुद्धा धड न्हाई. मग चांगल्या रानात खड्डा कशाला पाडायचा? पाटाखालचं माझं रान बघशील तर लोण्यासारखं हाय, तिथली मूठभर बी कुणाला देणार न्हाई. देवीला काय, माती ती माती. दसरा झाला की तुला बी पुरचुंडी धाडतो. ह्या टायमाला जरा मोठी बांधीन.

अर्जुनदाजींना लिवण्याचं म्हणालीस, म्हंजे म्हणाली असशील. पण एवढा मोठा मान असलेल्या माणसानं असलं कायबाय कागदावर लिवणं बरं दिसत न्हाई. लोक काय म्हणतील?

तुझा दादासो

—

मळणवाडी
पौष, संक्रांत झाली त्या आठवड्यात

दादासो,

थैली लांबवणाऱ्यांनी तेवढं माझंच पत्र अर्धं वाचून तुझ्याकडं पोचतं केलं व्हय? कागदाच्या एका बाजूला मेंढरं हुती ती दिसली आणि दुसऱ्या बाजूला बहीण हुती ती दिसली न्हाई. चांगलं हाय.

रान गेलं. दसऱ्याला भावजींनी माझ्यादेखत बैलं जुपली. शेंगा निघाल्या हुत्या, तवा त्याच दिशी नांगरट झाली. मी आडवी झाले, म्हणलं, बाभळीजवळ आला की नांगर उचला, त्या जागंला फाळ लावू नका, न्हाईतर माती समद्या रानात वढत जाईल. हसले. म्हणाले, चंद्राबाई, नांगर कुणी उचलून चालवतंय का? बाभळीजवळनं फाळ घातला तो थेट दुसऱ्या बांधाला जाऊन काढला. मग तसाच चिखलानं माखलेला नांगर सोताच्या रानात घेऊन गेले. धुवा म्हणलं, तर म्हणाले, नांगराला काय आंघोळ घालत्यात?

मी चुलीम्होरं बसून रडले. तुला खोटं कशाला सांगू. रान गेलं म्हणून रडले आणि माझ्या भावाला एक वळ लिवता आली न्हाई म्हणून जास्त रडले. तू ल्हान असताना आईच्या मारातनं तुला मी किती येळा पाठीशी घातलं, ते आठवलं. आठवायला नको हुतं.

आणि तुझी अक्कल! कोपऱ्यात काय उगवत न्हाई, म्हणून तीच माती देवीला? गावाला? लेकीबाळींना? जी माती तुला पाटाखालच्या रानात चालत न्हाई, ती दगडाबाईच्या देव्हाऱ्यात चालती व्हय रं?

तुझी मोठी पुरचुंडी खुंटीला टांगलीय. सोडली न्हाई, सोडणार न्हाई.

चंद्राबाई

—

पिंपळवाडी
ता. ९ सप्टेंबर १९४६

आक्कास दादासोचा साष्टांग नमस्कार.

संक्रांतीपास्नं तुझं पत्र न्हाई. म्या दोन धाडली, ती पोचली असतील. थैलीचं मी आता काय बोलत न्हाई.

इकडं तसं ठीक. गोल जरा वाढलेत. म्हंजे बऱ्याच रानात वाढलेत. पण पाटाखालचं माझं रान असं झ्याक आलंय की वाटंनं जाणारा थांबतोय. तिकडं मी कुणाचा नांगर न्हेऊ देत न्हाई, पायताण घालून कुणाला जाऊ देत न्हाई. का, असं इचारलं तर म्हणतो, नवस हाय.

मान औंदा बी मलाच. नवरात्राला माहेरी ये म्हणलं असतं, पण भामाची तब्येत बरी नसती, आणि गाडीला गर्दी लय. तुला तरास हुईल. पुढल्या साली बघू.

तुझा दादासो

—

मळणवाडी
आश्विन लागायच्या आदल्या दिशी

दादासोला आशीर्वाद.

नवस हाय म्हणतोस. म्हंजे तुला समदं कळलंय. न कळून चुकला असतास तर तुझी कीव केली असती.

आमच्याकडं जे हुणार हुतं ते झालं. भावजींनी नांगर जसा वढला, तशा बुटक्या झाडांच्या पट्ट्या ह्या बांधापास्नं त्या बांधापातूर पडल्यात. माझ्या रानात बी आणि त्यांच्या बी. तरी म्हणतात, चंद्राबाईनं मुळातच नासवलं हुतं. ह्यांना छावणीत तसं पत्र सुद्धा धाडलंय. हे दिवाळीला घरी येतायत, पलटणीतनं सुटले. मला त्यांच्याम्होरं रान नासवणारी म्हणून उभं ऱ्हायचं न्हाई. समदं सोसलं, हे सोसणार न्हाई.

तवा गर्दी असली तरी येते. अष्टमीला. सोबतीला अर्जुनभावजींना घेऊन येते, त्यांना कोरेगावच्या बाजारात बैल बघायचाय. भामाला सांग, तब्येत बरी कर.

तुझ्याकडं माझी एक वळ ऱ्हायलीय, ती घ्यायला येते.

आक्का

—

पिंपळवाडी
ता. ८ ऑक्टोबर १९४६

आक्का,

अर्जुनदाजींनी तुला तिखटमीठ लावून समदं सांगितलं असंल. तू दसऱ्याला माझ्याच पडवीत बसून भामाच्या हातचं कांदंपोहं खात हुतीस, रानात आलीच न्हाईस, म्हणून खरं काय घडलं ते मी कळवतो.

नवमीला देवळात समद्या बायांम्होरं तू सांगितलंस की जानाई सपनात आली. म्हणाली, माझी माती मला परत करा, जिथनं आली तिथं न्हेऊन टाका, ज्यानं दिली त्याच्या समद्या रानावर शिंपा. आक्का, सपान पडायचं तर जरा नीट पाडायचं हुतंस. "समद्या रानावर" कशाला? "कोपऱ्यात" म्हणली असतीस तर देवीचं काय जाणार हुतं?

दसऱ्याला दिवस उगवायला आख्खं गाव पाट्या घेऊन दारात! हलगी वाजतीय, गुलाल उधळतोय. म्हणलं, माझा सत्कार हाय. फेटा घातला. बघतो तर पाट्यांत माती. ज्यानं त्यानं आपापल्या रानातल्या गोलातली उकरून आणलेली. न्हेताना वंजळभर न्हेली हुती, परत करताना पाटीभर. केरबा तर रिकामा असून सुद्धा दुसऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या म्होरं.

मी शांतपणानं म्हणलं, कोपऱ्यात टाका. दगडाबाई म्हणाली, कोपऱ्यातच का बरं? देवीनं समदं रान सांगितलंय. मी म्हणलं, आवं म्हातारे, कोपऱ्यात जागा हाय. ती म्हणाली, दादासो, देताना गाडीभर दिलीस, घेताना हात आखडतोस व्हय? चला गं बायांनो, पाटाखाली!

आक्का, त्या रानात शेंगा भरल्यात. एवढ्या दिसात ते तेवढं एकच रान शाबूत ऱ्हायलंय. मी म्होरं पळालो. हात जोडले. म्हणलं, माझ्या नवसाचं रान हाय. म्हणाले, मग तर लय बरं. दगडाबाईनं पाटी बांधावर टेकवली आणि पदर खोचला.

तवा मी जरा मोठ्यानं बोललो. अर्जुनदाजी म्हणतात, मी किंचाळलो. ते खोटं हाय. मी एवढंच म्हणलं की थांबा, ती माती आजारी हाय.

हलगी थांबली. केरबा म्हणाला, देवीची माती आजारी? मग मला बोलावंच लागलं. म्हणलं, देवीची न्हवं, माझ्या कोपऱ्यातली हाय. तिथं काय उगवत न्हाई म्हणून दिली. रोग तिथनंच आलाय. अर्जुनदाजी गर्दीतनं म्होरं आले, म्हणाले, मग आमच्या रानात? म्हणलं, ती बी माझीच. आक्काचा काय बी दोष न्हाई. मेंढरांचा तर अजिबात न्हाई. ती पाटी उचला, तुमच्या पाया पडतो, ती पाटी उचला!

घे तुझी वळ. एक मागितली हुतीस, चार दिल्या. आख्ख्या गावाम्होरं दिल्या.

पाट्या शेवटी कोपऱ्यातच रित्या झाल्या, मुरमाचा ढीग पडावा तसा ढीग पडलाय. दगडाबाईनं जाता जाता फेटा मागून घेतला. पाटीखाली चुंबळीला बरा पडंल, म्हणाली. बिराप्पाला निरोप गेला की ये. त्यो म्हणाला, आधी दादासोनं मला न्यायला यावं. मी जातोय उद्या, त्याच्या गावाला, आटपाडीपातूर, बैलगाडीनं. आणि मातीचा मान गावानं बंदच केला. घटाला ज्याची त्यानं आपल्या परसातली घ्यायची आणि आपल्याच परसात टाकायची.

माझं तोंड काळं झालं, आता तुला बरं वाटलं असंल. भामा चार दिसापास्नं हसतीय. तिची तब्येत एकदम बरी झाली.

तुझा दादासो

ता. क. ढीग टाकताना बघितलं तर कोपऱ्याच्या मधोमध एक भुईमुगाचं झाड हाय. आजूबाजूला उजाड, चार-दोन वाळकी बुटकी, आणि हे एकटंच उंच, पसरलेलं. आक्का, ही जात नक्की दाद देत न्हाई. नाव 'चंद्रा' ठेवू का?

—

मळणवाडी
वसुबारस

दादासोला आक्काचा पोटभर आशीर्वाद.

बरं वाटलं का म्हणून इचारतोस. व्हय, लय बरं वाटलं. कांदंपोहं सुद्धा दोनदा घेतलं.

घरी आल्यावर अर्जुनभावजींनी रान सोडलं. तिसऱ्या दिशी बैलांचे कासरे माझ्या दारात आणून ठेवले आणि गेले. मी मागनं बघितलं तर वड्यावर नांगर घासत बसलेले, नारळाच्या शेंडीनं, फाळापास्नं रुमण्यापातूर. आत्याबाई म्हणाल्या, ह्यानं सोताची पाठ कवा एवढी घासली न्हाई.

हे परवा घरी आले, त्यांना समदं सांगितलं. रानात गेले, ह्या बांधापास्नं त्या बांधापातूर पट्ट्या बघितल्या. मग म्हणाले, चंद्रे, औंदा काय पेरायचं ठरवलंयस? ठरवलंयस, असं म्हणाले.

पण रान बरं झालं असं समजू नकोस. पट्ट्या तशाच हायेत. त्यात भुईमूग घालणार न्हाई, एवढंच ठरवलंय. काय येईल, कवा येईल, ठावं न्हाई म्हणणारा तो साहेब पुन्यांदा भेटला तर इचारीन. तुझ्या गावातली पंधरावीस रानं बी अशीच ऱ्हाणार. फेटा तेवढा दगडाबाईच्या कामाला आला.

सपान मला पडलं न्हवतं. देवळात जाऊन जानाईची माफी मागितली. म्हणलं, तुझं नाव घेतलं, पण तुझीच माती नासवली हुती म्हणून घेतलं.

तुझी ती मोठी पुरचुंडी, न सोडता, खुंटीवरनं काढून नवरात्रात तुझ्याच घरी आणली हुती. भामाला इचार, तुझ्या उशाखाली हाय.

त्या एका झाडाला माझं नाव देऊ नकोस. आधी उपटून बघ. बघितलंस की हात धू.

भाऊबीजेला ये. करंज्या करते, ओवाळते, बिराप्पाची मेंढरं बी बसलीत ती बघ. फक्त वाडीत शिरायच्या आधी वड्यावर थांब आणि पायताण धुऊन ये.

तुझी आक्का